लिंबाजीला हिशोबनीस हवा

नेरे, खोली नंबर तीन
घटस्थापनेच्या आधीचा गुरुवार

तीर्थरूप हैबतमामांच्या पायाशी,

अंगणाच्या अलीकडून भाचा शंभूचा साष्टांग नमस्कार. (खोलीत खरोखरचा साष्टांग घालायला गेलं की पाय मोरीत जातात, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे. खोलीची लांबी तुम्हीच ठरवलेली असल्यामुळे तुम्हाला हे पटेल.) आपली प्रकृती उत्तम असावी. आज पहाटे आपला खोकला ऐकू आला, आणि त्यापाठोपाठ दूधवाल्याला घातलेली शिवी चांगली खणखणीत होती, त्यावरून छातीचं काही काळजीचं कारण दिसत नाही. मामींचा गुडघा कसा आहे? काल त्या कठडा न धरता ओट्यावरून उतरताना दिसल्या, बरं वाटलं. आपला चष्मा सापडला का? मागच्या खेपेला तो आंबोणाच्या घमेल्यात निघाला होता आणि म्हशीनं तो बाजूला सारून आंबोण खाल्लं होतं, तेव्हा आधी तिथं बघावं.

एका अंगणात राहणारा भाचा टपालानं पत्र का पाठवतो, असा प्रश्न आपल्याला पडेल. हातात दिलेल्या कागदाचं आपल्याकडे काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आलोय. त्यावर सुपारी कातरली जाते. पण पोस्टमननं आणलेला कागद मात्र आपण दोन्ही हातांनी घेता, कपाळाला लावता आणि मगच उघडता, मग ते लाइटीचं बिल का असेना. म्हणून हे पत्र मी हिंजवडीच्या पेटीत टाकणार आहे. ते तिथून पुण्याला जाईल, एखादा मुक्काम करील आणि परत आपल्या अंगणात येईल. मला स्वतःला एवढा प्रवास झेपला नसता.

तर विषय असा, की मी एक विश्वासाचा हिशोबनीस शोधतो आहे. हे वाक्य वाचून आपण हसाल याची मला खात्री आहे. (हसू द्यावं. घाई करू नये.) तोंड न हलवता बोलणं हा ज्याचा धंदा, मांडीवर बसवलेल्या लाकडी बाहुल्याच्या, म्हणजे लिंबाजीच्या, तोंडून पोरांना हसवून जो पोट भरतो, त्याला हिशोबनीस कशाला, असं आपलं म्हणणं असणार. माझंही तेच होतं. पण मुळशी धरणाकाठचं ते रिसॉर्ट आपल्याला ठाऊक आहे, जिथं मी अधूनमधून खेळ करतो आणि जिथल्या भाताला आपण 'शीतं मोजून वाढत्यात' असं म्हणाला होतात. तिथल्या मॅनेजर किमयामॅडम यांनी मला बोलावून सांगितलं, की शनिवार-रविवार संध्याकाळी वर्षभर लिंबाजीचा खेळ ठेवायचा विचार आहे. वर्षभर, मामा! पावसाळ्यातसुद्धा! फक्त त्यासाठी करार करावा लागेल आणि करारासाठी माझे मागच्या दोन वर्षांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न लागतील, दसऱ्यापर्यंत. न दिल्यास ती जागा साबणाचे फुगे सोडणाऱ्या एका यंत्राला द्यायची असं वरून ठरलंय. यंत्राचे कागद तयार आहेत म्हणे.

हे काम हातचं गेलं तर अवघड आहे, ते आपल्याला सांगून ठेवतो. सोसायट्यांमधले वाढदिवस आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. पूर्वी टॉवरमधल्या आया मला शोधत यायच्या. हल्ली डायनासोरचा पोशाख घालून एक जण येतो, दोनदा डरकाळी फोडतो आणि पोरं खूश होतात. त्याला ना पाठांतर, ना रियाज. मध्यंतरी उकाड्यानं तो पोशाखातच चक्कर येऊन पडला, तर पोरांनी तोही खेळच समजून टाळ्या वाजवल्या. सांगायचा मुद्दा, मला हे वर्षभराचं काम हवं आहे. फार हवं आहे.

हिशोबाची पहिली पायरी म्हणून मी खोली नंबर दोनमधल्या पियूषला धरलं. मुलगा अमरावतीकडचा, दिवसभर कानात काहीतरी घालून अमेरिकेशी बोलतो, पण मनानं निर्मळ. तो म्हणाला, "दादा, सीए-बीए सोडा ना, ॲप आहे, पाच मिनिट का काम है." ॲपनं पहिलाच प्रश्न विचारला की तुमचा व्यवसाय काय. खाली यादी होती. तीत डॉक्टर होते, वकील होते, कमिशन एजंट होते, पण शब्दभ्रमकार नव्हता. पियूषनं 'इतर'वर बोट ठेवलं. (मला उगाचच वाईट वाटलं. गावच्या जेवणावळीत शेवटच्या पंगतीला बसवल्यासारखं.) मग ॲपनं ओटीपी पाठवला. तो पाठवला आपल्या मोबाइलवर, कारण माझ्या आधारला, पॅनला, बँकेला, सगळ्याला आपलाच नंबर आहे. आणि आपण काय केलंत ते आपल्याला आठवत असेल. 'कुणीतरी लुटाया बसलंय' म्हणून आपण फोन बंद केलात आणि तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवलात. तो दुपारची अंबाड्याची भाजी-भाकरी होऊन गेल्यावर, रात्रीच्या भाताला तांदूळ काढताना मामींना सापडला. तोवर ॲप कंटाळून गेलं होतं. पियूष मला म्हणाला, की तुमचे मामा हीच खरी सिक्युरिटी आहे.

मग आपणच सांगितल्याप्रमाणे मी पौडला दयानंद यांच्याकडे गेलो. 'घरातला मानूस हाय, त्याच्याकडं जा, गावाची समदी कागदं त्योच करतुया,' हे आपले शब्द. ऑफिस छान आहे. भिंतीवर देवांच्या तसबिरी, खाली हात जोडलेले दयानंद, आणि समोरच्या बाकावर रांगेनं बसलेले चार जण. मला माणसांबद्दल उत्सुकता फार, त्यामुळे मी चौघांची चौकशी केली. एकाचे जेसीबी आहेत, एकाची जिम आहे, एकाचं मंगल कार्यालय आहे आणि चौथा कुणाला कशासाठी पैसे देतो आणि कशासाठी घेतो ते त्याचं त्यालाही नीट सांगता येईना. आणि हे चौघेही कागदावर शेतकरी होते. जिमवाल्याच्या नावे तर आंबेमोहोर होता. मामा, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही हे मला ऐकून माहीत होतं, पण त्या बाकावर एवढं पीक उभं असेल अशी कल्पना नव्हती.

माझा नंबर आला तेव्हा दयानंदांनी विचारलं, "तू काय पिकवतूस?" मी म्हटलं, आवाज. ते म्हणाले, "काकडी लिवू. सातबारा कुनाचा हाय?" मी म्हटलं, मामांचा. "मग झालं की! मामाच्या वावरात तुझी काकडी. हितं कोन बघाया येतंय?" मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की मामांच्या ज्या वावराबद्दल तुम्ही बोलताय त्यात सध्या सहा खोल्या उगवल्या आहेत आणि तिसऱ्या खोलीत मी स्वतः राहतो. त्यावर ते म्हणाले, की काकडी दोन खोल्यांच्या मधल्या बोळातही येते, वेल आहे तो. मला हे उत्तर इतकं आवडलं की मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो.

पण मग त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि पान चघळत म्हणाले, "तू निस्ती सही कर. बाकी बोलायचं काम माझं." आणि मामा, माझ्या पाठीत कुणीतरी हात घातल्यासारखं झालं. कारण हे वाक्य माझं आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यामागे मी लिंबाजीचा फेटा नीट करतो, त्याच्या पाठीतली दांडी चाचपतो आणि रोज त्याला हेच सांगतो, की बाबा तू नुसतं तोंड हलव, बाकी बोलायचं काम माझं. लिंबाजी बिचारा लाकडाचा आहे, तोंडून काय निघालं त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. उद्या कुणी साहेब येऊन 'काकडी कुठे आहे' म्हणाला तर तोंड माझं हलणार आणि आवाज दयानंदांचा असणार. मी पेन टेबलावर ठेवलं आणि लघवीला जाऊन येतो असं सांगून निघालो. (अजून परत गेलेलो नाही. ते आपल्याला भेटले आणि माझी चौकशी केली तर पोट बिघडलंय म्हणावं.)

त्यानंतर काही दिवस मी ज्याला-त्याला विचारत सुटलो, की बाबा तुझा हिशोबनीस कसा आहे. एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. ज्यांची लोक तोंड भरून स्तुती करत होते, ते सगळे 'काही विचारत नाहीत' म्हणून चांगले होते. आणि मग गिरणीवाले कुशाबा एका बाईंबद्दल बोलले. कुशाबांच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्या राहतात, तिथंच ऑफिस. कुशाबांचा सूर तक्रारीचा होता. "लई भांडती बाई. प्रश्न इचारू इचारू जीव खाती. मला म्हनली, पाखडलेला कोंडा कुटं जातुया ते बी सांगा. आता कोंड्याचं कुनी इचारतं व्हय?" स्तुती झालेली माणसं मी बघून आलो होतो, तेव्हा जिच्याबद्दल तक्रार आहे ती कशी असते हे बघायची मला फार उत्सुकता लागली. मी तसाच जिना चढलो.

कल्पनाताई परभणीकडच्या. सीएच्या परीक्षा देऊन इकडे आल्या, आधी कुठल्याशा मोठ्या ऑफिसात होत्या, आता स्वतःचं काम करतात. खाली गिरणी चालू असली की त्यांच्या टेबलावरचा चहाचा कप आपोआप थोडा थोडा सरकतो आणि त्या न बघता त्याला परत जागेवर आणतात. मी बसलो, आणि नेहमीप्रमाणे पेटीतून लिंबाजीला काढून मांडीवर घेतलं. आपल्याला माझा स्वभाव ठाऊक आहे. पैशाचा विषय निघाला की मला घाम फुटतो, जीभ टाळूला चिकटते. आजवर प्रत्येक कार्यक्रमाची बिदागी लिंबाजीनंच ठरवली आणि लिंबाजीनंच मागितली. 'मालक, हसून झालं असंल तर पाकीट काढा,' असं तो म्हणतो, लोक पुन्हा एकदा हसतात आणि खिशात हात घालतात. बाहुल्यानं मागितलेले पैसे कुणाला जड जात नाहीत. तेव्हा इथंही लिंबाजीच बोलला, "बाई, आमचं हिशोब करायचं किती घ्याल?"

कल्पनाताईंनी मान वर न करता सांगितलं, "मी बोलणाऱ्याशी बोलते." मग मान वर केली आणि म्हणाल्या, "तुमचा गळा हलतो."

मामा, दहा-अकरा वर्षांत हे कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. लोक ओठ बघतात. मोठमोठे लोक पहिल्या रांगेत बसून माझे ओठ बघत राहिले आणि हरले. ही बाई टेबलापलीकडून एका वाक्यात गळ्याशी आली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, हायसं वाटलं. हिच्यासमोर आपल्याला काही लपवता येणार नाही, हा किती मोठा आराम असतो! मी लिंबाजीला पेटीत ठेवलं आणि म्हटलं, विचारा.

त्यांनी विचारलं. लिंबाजीला रंग किती दिवसांनी लावता? फेटे कोण बांधतं? स्कूटरला पेट्रोल किती लागतं? गावातल्या कार्यक्रमांचं काय मिळतं? मी सांगितलं की गावात टोपी, टॉवेल आणि नारळ मिळतो, मोठ्या गावात शाल मिळते आणि सरपंच खुशीत असले तर तांदूळ. माझ्याकडे शालींनी भरलेली एक ट्रंक आहे हेही सांगितलं. नारळांचं काय झालं विचारलं, तर म्हटलं, मामींनी वाटण केलं. हे त्यांनी लिहून घेतलं नाही, पण पहिल्यांदा हसल्या. मग कॉम्प्युटरवर काहीतरी शोधून म्हणाल्या, की रिसॉर्टवाले तुमच्या प्रत्येक बिलातून थोडी रक्कम कापून सरकारकडे भरत होते, ती सगळी तुमच्या नावे जमा दिसते आहे. उशीर झालाय, मागच्या वर्षाचा दंडही पडेल, पण यंदाची कापलेली बहुतेक परत मिळेल. मी इतके दिवस समजत होतो की ती रक्कम तिथला कॅशियर खातो. (त्याला मी लिंबाजीच्या तोंडून बरंच काही ऐकवलंय. त्याची माफी मागायला लागणार.) मला फार नवल वाटलं. ज्या सरकारला सारं गाव सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतं, त्यानं माझं नाव, तारीख, रक्कम सगळं लिहून ठेवलंय. मी न विचारता!

आणि मग त्यांनी विचारलं, बाकीचे पैसे कुठे आहेत?

मी सांगितलं, मामांकडे. आई गेली तेव्हा मामा मला इकडे घेऊन आले, मामीनं वाढवलं, बाहुला घ्यायला पहिले पैसे मामांनीच दिले, आणि तेव्हापासून शिरस्ता असा आहे, की कार्यक्रमाचं पाकीट न उघडता आणायचं, देव्हाऱ्यात ठेवायचं आणि मग मामांच्या हातात द्यायचं. रिसॉर्टचे बँकेत येतात तेही काढून द्यायचे. मामा पाकीट उघडतात, वरची नोट 'पेट्रोलला' म्हणून परत देतात आणि बाकीचं आत नेतात. कल्पनाताई म्हणाल्या, बरं, मग आता मामांकडे किती आहेत? मी म्हटलं, मामांना असं कुणी विचारतं का? त्या म्हणाल्या, अंदाजे? आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "अंदाजे माणसाचं वय सांगतात, उत्पन्न नाही." मी लिंबाजीच्या पेटीची कडी उगाचच काढून पुन्हा लावली. खाली कुशाबांनी गिरणी बंद केली होती, त्यामुळे ती कडी अगदी स्पष्ट ऐकू आली.

मग त्यांनी विचारलं की तुम्ही राहता कुठे आणि भाडं कुणाला देता. तेही मामांनाच देतो म्हटलं. मग त्या खोल्या कधी बांधल्या असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला विषयाला सोडून वाटला, म्हणून मी पाणी प्यायलो. (इथे खरोखरच पाणी प्यावं. तांब्या जवळ असतोच.) शेवटी त्या म्हणाल्या, की काम मी घेते, दसऱ्याच्या आत करूनही देते, पण घेतलेल्या पैशांचा मेळ लागल्याशिवाय मी कशाखाली सही करत नाही. हिशोब माझा. विचारायचं तुम्ही.

आता आपल्या लक्षात आलं असेल, की परवा दुपारी आपण पंपाची मोटर उघडून बसला होतात तेव्हा मी लिंबाजीला घेऊन का आलो होतो. आपल्याला वाटलं, मी नवीन प्रवेशाची तालीम करतोय. लिंबाजीनं फेटा सावरून विचारलं होतं, "मामा, आमची शिल्लक किती हाय?" आपण एवढे हसलात, एवढे हसलात, की हातातला पाना विहिरीत पडला. मामींना हाक मारून पुन्हा एकदा म्हणायला लावलंत. दुसऱ्यांदा त्यानं आणखी ठसक्यात विचारलं. मग आपण डोळे पुसत बंडीच्या खिशातून दहाची नोट काढून त्याच्या हातात कोंबलीत आणि म्हणालात, "घे रं लबाडा, ही तुजी शिल्लक!" मामींनी चहा केला. चहा सुंदर झाला होता. मी खोलीत परत आलो आणि ती नोट हातातून न काढताच लिंबाजीला पेटीत ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मागितलेलं पाकीट आलं नव्हतं.

असो. आपलं कसं चाललंय ते कळावं आणि माझंही कळवावं, एवढ्यासाठीच हे पत्र. यात मागणं वगैरे काही नाही. मामींना नमस्कार, म्हशीच्या पाठीवरून हात. घटासाठी पत्रावळी आणि माती मी उद्या आणून ठेवतो.

आपल्याच पदराखाली वाढलेला,
शंभू

ता. क. घटावर ठेवायला नारळ विकत आणू नयेत. कासारसाईच्या कार्यक्रमात मिळालेले दोन माझ्याकडे आहेत. पाणी वाजतं, चांगले निघतील.

आणखी एक ता. क. रामराम मामा, म्या लिंबाजी. आमचं येडं नारळापाशी येऊन थांबलंय, म्हनून मला लिवाया लागतंय. सरळ इचारतो. आमच्या पाकिटांचं काय झालं? घरात हायेत का खोल्यांत घातली? खोल्यांत घातली असतील तर आमची खोली कोन्ती? आन तीन नंबरच आमची निघाली तर आजवर भाडं कुनी कुनाला द्यायचं हुतं? रागाऊ नका. तुमची ती धाची नोट मी अजून खर्चलेली न्हाई, पाहिजे तर वजा करा.

शेवटचा ता. क. मामा, वरचा मजकूर खोडणार होतो, पण राहू दे. फक्त तो धरू नका. लिंबाजीनं विचारलं की आपण हसतो आणि मग विचारल्यासारखं होतच नाही. म्हणून हे मी विचारतोय, शंभू. माझे पैसे किती आहेत, आणि कुठे आहेत? मला आपल्यावर संशय नाही. संशय असता तर सोपं गेलं असतं, तो लिंबाजीला नीट जमतो. आपण ते खोल्यांत घातले असतील तर मला वाईट वाटणार नाही, खर्च झाले असतील तर थोडं वाटेल, पण मी दुसरीकडे राहायला जाणार नाही. मला भीती एवढीच वाटते, की विचारल्यावर आपण मला परका समजाल. पण खोलीचं भाडं ठरवताना आपणच मला जवळ घेऊन म्हणाला होतात, 'तू घरचा हायेस, पर हिशोब हिशोबाच्या जागी.' ते मी पाठ करून ठेवलंय.

आता पत्र आलं की काय होणार ते मला माहीत आहे. पोस्टमन आपल्या हातात देईल, आपण कपाळाला लावाल, चष्मा सापडणार नाही, आणि नेहमीप्रमाणे अंगणातून हाक येईल, "शंभू, काय आलंय बघ रं, वाच." म्हणूनच कुठं थांबायचं आणि कुठं पाणी प्यायचं ते कंसात लिहून ठेवलंय. मी येईन. पहिल्या ओळीपासून इथपर्यंत सगळं वाचून दाखवीन, आपल्यासमोर बसून. ओठ हलतील, गळाही हलेल. लिंबाजी पेटीत असेल आणि पेटीची किल्ली मी आधीच मामींकडे देऊन येणार आहे.